वात क्रमांक तेवीस

सबनीसांचं आणि माझं पहिलं बोलणं म्हणजे सरळसरळ भांडणच होतं. जपानमधल्या तोयोसूच्या ऑफिसात रुजू होऊन मला आठच दिवस झाले होते. एका बँकेचं काम आमच्या टीमकडे होतं. मी कोड लिहायचे आणि सबनीस तो तपासायचे. एक चूक काही केल्या सापडेना, म्हणून मी वैतागून दोन ठिकाणी बदल केले. चूक गेली. मी खुशीत त्यांच्याकडे पाठवून दिलं आणि अर्ध्या तासात ते परत आलं. शेरा एवढाच : "चूक कशाने गेली?"

माझं डोकं फिरलं. तरातरा त्यांच्या टेबलापाशी गेले आणि म्हटलं, "गेली ना सर? मग कशाने का जाईना!"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. पन्नाशी ओलांडलेला, काटकुळा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. आवाज जराही न चढवता म्हणाले, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, कल्याणी. तू दोन बदलल्यास. म्हणजे चूक गेलेली नाही, लपलेली आहे."

खडूस म्हातारा, असं मी मनात म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती चूक परत आली, तीही जपानी साहेबांसमोर. जेवणाच्या सुट्टीत सबनीसांनी माझ्यासमोर डब्यातली गुळपोळी ठेवली आणि ते निघून गेले. त्या दिवसापासून मी त्यांची झाले, हे कबूल करायला मला अजूनही जरा जड जातं.

पुढे कळलं की ग्योतोकूला आम्ही एकाच इमारतीत राहतो, मी तिसऱ्या मजल्यावर आणि ते चौथ्या. मग सकाळी एकत्र निघणं आलं. तोझाई लाइनच्या गाडीतल्या गर्दीत हा माणूस डोळे मिटून उभा असायचा आणि मधेच डोळे उघडून म्हणायचा, "काल घट्ट झाली. आज निम्मा कापूस." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, यांची गादीबिदी शिवायला टाकली आहे.

तर तो कापूस. सबनीसांनी अठ्ठावीस वर्षं सिगरेट ओढली होती. कंपनीच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरने छातीचा फोटो उजेडाला धरून नुसताच "हंऽऽ" केलं आणि सबनीस घाबरले. जपानी डॉक्टरचा लांबलेला "हंऽऽ" भल्याभल्यांना घाबरवतो. त्यांनी सिगरेट सोडली आणि तिच्याऐवजी वाफ ओढायचं यंत्र धरलं. पण तयार यंत्र विकत घेतील तर ते सबनीस कसले! यांचं यंत्र स्वतः बांधायचं. अंगठ्याएवढी धातूची वाटी, तिच्यात तारेचं बारीक वेटोळं, वेटोळ्यातून ओवलेली वात आणि खाली गोडसर वासाचं द्रव. वात द्रव वर ओढून घेते, बॅटरीने तार तापते, वाफ होते. वातीने कुचराई केली की तार कोरडा कापूस जाळते आणि घशात असा करपट झुरका बसतो, की डोळ्यांतून पाणी यावं.

आणि गोम तिथेच होती. करपट झुरका बसला की हा माणूस कुणाशी न बोलता उठायचा आणि ऑफिसच्या खाली सिगरेट ओढणाऱ्यांसाठी काचेची खोली होती, तिकडे चालायला लागायचा. दोनदा असं झालं. दोन्ही वेळा घरी गेल्यावर मेधावहिनींनी दारातच ओळखलं. मेधावहिनी म्हणजे त्यांची बायको. मी आधी त्यांना काकू म्हटलं होतं, तर म्हणाल्या, "काकू म्हणशील तर चहा मिळणार नाही." पुण्यात त्या फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होत्या. इथे आल्यावर नोकरी सुटली, पण नाक आणि हात तसेच राहिले.

म्हणजे सगळा खेळ वातीवर होता, असं सबनीसांचं ठाम मत. वात चांगली तर सिगरेट दूर. त्यांनी एक वही घातली आणि प्रयोग सुरू केले. रविवारी दुपारी जेवणं झाली की टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, चिमटा, कात्री, तार मांडायची. तार तीच, वेटोळी तेवढीच, द्रव तेच. बदलायची फक्त वात. ती वही मी पुष्कळदा वाचली आहे. त्यातल्या काही नोंदी मला पाठ आहेत. "क्र. २. मेकअप पुसायचा कापूस. काम बरं करतो, स्वभाव नाही." "क्र. ४. जुन्या शर्टाचा काठ. चव : इस्त्री." "क्र. ७. स्टीलची जाळी. दाढ भरल्यासारखं वाटतं."

प्रयोग संपला की आवराआवर. त्याचीही शिस्त बघण्यासारखी. आमच्या भागात कचरा वेगळा करण्याचे नियम असे, की नवीन माणसाला रडू यावं. सबनीसांना त्यात ब्रह्मानंद. जळक्या कापसातून तारेचं वेटोळं चिमट्याने सोडवायचं. कापूस जळणाऱ्या कचऱ्यात, तार धातूच्या डब्यात. "अहो सर, तार केवढी, नखाएवढी!" मी म्हणायचे. "नखाएवढी असली तरी तार ती तारच," हे उत्तर.

एका रविवारी वर गेले तर घरात वादळ. सबनीसांनी चहाच्या पातेल्यात कापूस उकळायला ठेवला होता. त्यातलं तेल निघून जावं, म्हणून. आणि तोही कुठला कापूस, तर गणपतीच्या वातींसाठी वहिनींनी पुण्याहून आणलेला देवकापूस.

"अहो, देवाचा कापूस तो! आणि पातेलं चहाचं!"

"देवाला काय, त्याला धुरापेक्षा वाफ बरीच," सबनीस म्हणाले. मी हसू दाबायला खिडकीकडे वळले.

वहिनींचा राग पाचेक मिनिटं टिकला. मग नवऱ्याची वात वळण्याची धडपड त्यांना बघवेना. ओला कापूस पिळून, वाळवून, सबनीस तो सुतळीसारखा आवळत होते. वहिनींनी तो काढून घेतला. "इतका पीळ घातलात तर तेल चढायचं कसं? कापूस आधी मोकळा करायचा. सरळ ओढायचा, तंतू एका दिशेला आले पाहिजेत. मग हलका हात. मधे सैल, टोकाला जरा बारीक." मांडीवर तळव्याने एकदा, दोनदा फिरवली आणि वात तयार. सबनीसांनी चष्मा खाली घेऊन ती उलटीपालटी करून पाहिली, वेटोळ्यात ओवली, झुरका घेतला. मग वही उघडून लिहिलं : "क्र. ९. देवकापूस, कमी पीळ. उत्तम. (आधार : मेधा.)"

"पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझं नाव कुठेतरी लिहिलंत," वहिनी म्हणाल्या. पण गालात हसत होत्या.

माणूस नऊ नंबरवर थांबला असता तर! पण "उत्तम" झालं म्हणजे "सर्वोत्तम" शिल्लक आहे, हा त्यांचा हिशेब. दहा नंबरला त्यांनी गाठोडी बांधायची सुतळी घातली. मी साक्षीला होते. बाल्कनीत उभं राहून त्यांनी बटण दाबलं आणि असा वास सुटला, की शेजारणीने वाळत टाकलेली गादी झटकन आत ओढली. दहा मिनिटांत दारावर टकटक. इमारतीचे रखवालदार, सत्तरीचे फुजिई-सान, हातात आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन धापा टाकत उभे.

सबनीस कमरेत वाकले ते वाकलेच. मोडक्या जपानीत तीन वेळा माफी मागितली. आणि मग, दुसरा कोणी असता तर दार लावून घेतलं असतं, यांनी वही पुढे केली. फुजिई-साननी नळकांडं खाली ठेवलं, बूट काढले आणि तासभर बसून दहाही नोंदी समजावून घेतल्या. जाताना म्हणाले, "वातीचं म्हणाल तर आमच्या गावच्या मेणबत्त्यांसारखी वात नाही." पुढच्या रविवारी घरच्या देव्हाऱ्यातली मेणबत्ती घेऊन हजर. तिची वात अजब होती : कागदाच्या सुरळीवर गवताच्या काडीतला पांढरा गाभा गुंडाळलेला. तातामी, म्हणजे इथल्या बैठकीच्या चटया, ज्या गवताच्या विणतात, तेच हे गवत. सबनीसांनी तो गाभा लहान मुलाचं जावळ धरावं तसा दोन बोटांत धरून सोडवला. झुरका घेतला. फुजिई-सान गुडघ्यांवर हात ठेवून निकालाची वाट बघत होते.

"छान आहे," सबनीस जपानीत म्हणाले. वहीत मराठीत लिहिलं : "क्र. ११. चव : बैठकीची खोली."

सप्टेंबरात पुण्याहून मुलीचा फोन आला. इरा, एकुलती एक. तिला दिवस गेले होते, एप्रिलची तारीख होती. सबनीसांचं कामही मार्चमध्ये संपत होतं, म्हणजे योग असा जुळून आला, की आजोबा वेळेवर हजर. इतका आनंद झालेला माणूस मी क्वचित पाहिला असेल. ऑफिसात त्यांनी सगळ्यांना पेढ्यांच्या नावाने कोंबिनीतले, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातले, बीनचे गोड लाडू वाटले. पण इरा बापाचीच मुलगी. तिने फोनवरच अट घातली होती : "बाबा, मी तुमचे हात हुंगून बघणार. सिगरेट नको, ते वाफेचं खेळणंही नको. काहीही असेल तर बाळ हातात मिळणार नाही."

खेळणं तसंही नेता येणार नव्हतं. भारतात त्यावर बंदी. म्हणजे मार्चमध्ये विमानात बसताना यंत्र इथेच टाकून जायचं आणि पुण्यात उतरलं की कोपऱ्याकोपऱ्यावर पानाच्या टपऱ्या, ओळखीच्या. सबनीसांना भीती कशाची वाटायची, ते त्यांनी मला एकदा गाडीत सांगितलं. "तीनदा सोडली गं आधी. तिन्ही वेळा त्याच टपरीवर परत धरली. माझा माझ्यावर भरवसा नाही." हे सांगताना ते दाराच्या काचेकडे बघत होते. मला फार वाईट वाटलं. मी काहीतरी फालतू विनोद केला. मला असल्या वेळी दुसरं काही सुचत नाही.

उपाय तर सरळ होता. द्रवातलं निकोटिन हळूहळू कमी करायचं. इथल्या दुकानात निकोटिनवालं द्रव मिळत नाही. सबनीस स्वतःपुरती बाटली परदेशातून मागवायचे, आणि वहिनी सिरिंजने मोजून ते साध्या द्रवात मिसळून छोट्या बाटल्या भरून द्यायच्या. कारण सबनीस भरायला बसले की निम्मं चटईवर. मी म्हटलं, "सर, मग करा ना कमी. आजपासून."

"आधी वात," सबनीस म्हणाले. "वात पक्की झाली, की मग निकोटिन. दोन्ही एकदम बदललं, तर कशाने काय झालं ते कळणार कसं? एका वेळी एकच गोष्ट."

कप्पाळ! दिवाळी आली, वात पंधरावर. वहिनी फुलवाती करत बसल्या होत्या, हे शेजारी बसून त्यातल्याच कापसात रेयॉनचे धागे मिसळत होते. मी वहिनींना स्वयंपाकघरात गाठलं. "वहिनी, ही वात काही मार्चपर्यंत पक्की होत नाही."

"ती जन्मात पक्की होत नाही," वहिनी शांतपणे म्हणाल्या आणि चहा गाळायला लागल्या.

त्या चहाचं सांगायचं राहिलं. त्यांच्याकडच्या चहात साखर नसायची. अजिबात नाही. मी पहिल्यांदा प्यायले तेव्हा तोंड वाकडं झालं. सबनीस मात्र मिटक्या मारत, "मेधाच्या हातच्या चहाची गोडी काही औरच!" मी वहिनींकडे बघितलं, तर त्यांनी हळूच डोळा मारला. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरने साखर कमी करायला सांगितली होती. वहिनींनी दर महिन्याला पाव चमचा उतरवली होती, एवढंच.

जानेवारीच्या शेवटी तेवीस नंबर आला. ती संध्याकाळ काय वर्णावी! देवकापूस, वहिनींचा पीळ, मधे रेयॉनचा एक पातळ पदर. सबनीस मला बोलवायला स्वतः खाली आले. वहीत नोंद केली होती, खाली दोन रेघा मारून : "क्र. २३. घशाला अजिबात लागत नाही. चव स्वच्छ. दिवसभर तलफ जवळजवळ नाही. सर्वोत्तम." महिनाभर माणूस तरंगत होता. काचेच्या खोलीकडे ढुंकून बघितलं नाही. तेवीस नंबरच्या दहा-दहा वाती वळून डबीत भरून ठेवायचे. फुजिई-सानना एक वात नमुना म्हणून दिली. त्यांनी ती देव्हाऱ्यात ठेवली.

पण निकोटिन तसंच. मार्च उजाडला. सामान बांधून झालं. तरी "पुढच्या आठवड्यापासून कमी करतो" चालूच. आता मला कळतं, की ते घाबरले होते. वात हे एक काम होतं, ते त्यांना येत होतं. सोडणं येत नव्हतं.

निघायला तीन दिवस राहिले होते. शनिवारची सकाळ. मी स्टेशनसमोरच्या कोंबिनीत दूध घ्यायला गेले, तर काउंटरवर सबनीस. इथे सिगरेटचं नाव घ्यायचं नसतं. मागच्या फळीवरचा नंबर सांगायचा. हा माणूस मान खाली घालून हलक्या आवाजात म्हणाला, "एकशेबारा." मुलीने पाकीट दिलं. सबनीस वळले आणि समोर मी.

मी खूप बोलले. रस्त्यावर, भर सकाळी, मराठीत. जाणारे-येणारे वळून बघत होते. "लाज नाही वाटत? त्या पोरीला काय सांगणार?" असंसुद्धा बोलले. वडीलधाऱ्या माणसाला बोलू नये ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उघडलं नाहीये गं. नुसतं जवळ ठेवायला. तेवीस नंबर इथे राहणार. तिथे गेल्यावर मी काय करू, तूच सांग."

मी त्यांना दंडाला धरून चौथ्या मजल्यावर नेलं आणि वहिनींसमोर पाकीट टेबलावर ठेवलं. म्हटलं आता होऊ दे काय व्हायचं ते.

वहिनी रागावल्या नाहीत. पाकिटाला हात लावून बघितला, बंद आहे ना. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि रव्याच्या डब्यामागून एक बाटली घेऊन आल्या. निकोटिनची बाटली. तिचं सील शाबूत होतं.

"ही तुम्ही डिसेंबरात मागवलेली," त्या म्हणाल्या. "उघडलीच नाही मी. दिवाळीपासून रोज थोडं थोडं उतरवत आणलं. संक्रांतीपासून तुमच्या बाटलीत निकोटिनचा थेंब नाही. दोन महिने नुसती गोड वाफ ओढताय तुम्ही."

मी सबनीसांकडे बघितलं. ते वहिनींकडे बघत होते. मग उठले, वही आणली, भराभर पानं उलटली आणि तेवीस नंबरवर बोट ठेवलं. "घशाला लागत नाही," त्यांनी वाचलं. "तलफ नाही." आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला. "अगं मेधा! म्हणजे ही वात नव्हतीच! दोन गोष्टी बदलल्यास तू! माझा सगळा डेटा वाया गेला!"

"मी खोटं कधी बोलले नाही. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

"पण मग मला कळणार कसं, कशाने गेली ते?"

तेव्हा मला राहवलं नाही. "गेली ना सर?" मी म्हटलं. "मग कशाने का जाईना!"

त्यांनी वही मिटली. मग खुर्चीत बसले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरले. वहिनींनी पदर पुढे केला, तर तोही ढकलून दिला. मग म्हणाले, "साखरसुद्धा?"

"साखरेला दोन वर्षं झाली," वहिनी म्हणाल्या.

मग त्यांनी ते एकशेबारा नंबरचं पाकीट हातात घेतलं. मला वाटलं, खिडकीतून भिरकावतील. छे! वरचं प्लॅस्टिक सोलून प्लॅस्टिकच्या पिशवीत, खोका उलगडून कागदांच्या गठ्ठ्यात, आणि वीसच्या वीस सिगरेटी मोडून जळणाऱ्या कचऱ्यात. यंत्राची तार धातूच्या डब्यात गेली. बॅटरी फुजिई-सानकडे सोपवली. मंगळवारी दोघं गेले. मी स्टेशनवर सोडायला गेले होते, पण त्या निरोपाबद्दल लिहीत नाही. मी फार वेंधळ्यासारखी वागले.

एप्रिलमध्ये एका दुपारी तोयोसूला पाण्याकाठच्या बाकावर डबा खात होते, तेव्हा वहिनींचा व्हिडिओ कॉल आला. हॉस्पिटलची खोली. पुण्यात अजून सकाळ होती. "बोलू नकोस, नुसती बघ," त्या कुजबुजल्या. पलंगावर इरा, दमलेली, मांडीत दुपटं. समोर सबनीस. शाळेत नखं दाखवतात तसे दोन्ही हात पुढे करून उभे. इराने खरंच हात हुंगले. एकेक बोट. मग तळवे, मग शर्टाची कॉलर. माझा घास तोंडातच राहिला.

"कसला वास येतोय हा?" इराने विचारलं.

"कापसाचा," फोनमागून वहिनी म्हणाल्या. "आल्यापासून तलफ आली, की वाती वळत बसतात. बारशाला पुरून उरतील एवढ्या झाल्यात."

इराने बाळ उचलून त्यांच्या हातात दिलं. चिमट्याने नखाएवढी तार सोडवणाऱ्या त्या हातांनी ते दुपट्यासकट अलगद छातीशी घेतलं. सबनीसांनी चष्मा कपाळावर चढवला, मान खाली घातली, बाळाच्या टाळूला नाक लावलं आणि डोळे मिटून एक लांबलचक श्वास आत घेतला. कितीतरी वेळ त्यांनी तो सोडलाच नाही.